व्हिस्कीची डिस्टिलरी आधी नाकानं बघा

डिस्टिलरीची टूर तासा-दीड तासाची असते. दळलेलं धान्य, गरम पाण्याचं भलंमोठं भांडं, आंबवणीच्या टाक्या, तांब्याच्या स्टिल म्हणजे अर्क काढायची भांडी, पिंपांचं गोदाम, आणि शेवटी टेबलावर ओळीनं मांडलेले तीन-चार ग्लास. बहुतेकांचं लक्ष त्या शेवटच्या टेबलाकडेच लागलेलं असतं. पहिल्या वेळी माझंही तसंच झालं. सगळं पाहिलं, गाइडचं बोलणं ऐकलं, आणि ग्लास हातात आल्यावर तिनं विचारलं, "कशाचा वास येतोय?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर मागच्या पाच खोल्यांत होतं, आणि त्या खोल्यांतून मी नुसता बघत बघत आलो होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा प्रत्येक दारातून आत शिरल्यावर आधी दोन-तीन श्वास घेतले, मग ऐकायला लागलो. त्या दिवशी ग्लासात मला खोल्या ओळखू आल्या. म्हणून इथे त्याच क्रमानं सांगतो: कुठल्या खोलीत काय घडतं, तिथला वास कशामुळे येतो, आणि पुढे तो ग्लासात कुठे सापडतो.

मूळ प्रक्रिया चार वाक्यांत मावते. धान्यातल्या स्टार्चची साखर करायची. यीस्ट घालून त्या साखरेचा अल्कोहोल होऊ द्यायचा. तो तापवून, त्याची वाफ करून, पाण्यापासून वेगळा काढायचा. मग लाकडी पिंपात घालून वर्षानुवर्षं ठेवून द्यायचा. फरक पडतो तो धान्याचा, भांड्यांचा, लाकडाचा आणि माणसांच्या निर्णयांचा. स्कॉटलंडमध्ये २००९ सालच्या नियमांनुसार कुठल्याही स्कॉच व्हिस्कीला तिथेच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं काढावी लागतात. 'सिंगल मल्ट' म्हणायचं तर ती एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये काढलेली असावी लागते. सिंगल म्हणजे एका पिंपातली, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. सिंगल म्हणजे एका डिस्टिलरीतली. एका बाटलीत त्याच डिस्टिलरीच्या शेकडो पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असू शकते.

पहिला थांबा धान्याचा. बार्ली, म्हणजे जव. दाण्यात स्टार्च ठासून भरलेला असतो, पण यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. दाण्याला मोड यायला लागला की तो स्वतःच स्टार्चची साखर करणारे एन्झाइम तयार करतो, कारण कोवळ्या रोपालाही हीच साखर हवी असते. म्हणून बार्ली भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात, आणि रोपानं साठा संपवायच्या आत गरम हवेनं वाळवून सगळं जागच्या जागी थांबवतात. हे वाळलेलं धान्य म्हणजे मल्ट. गाइडनं ओंजळभर पुढे केलं तर दोन-चार दाणे चावून बघा. कच्ची बार्ली दगडासारखी असते. मल्ट कुरकुरीत फुटतं आणि जिभेवर गोडसर, बिस्किटासारखी चव सोडतं. पहिला वास हा. लक्षात ठेवा.

वाळवताना पीट जाळलं तर इथेच धूर शिरतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, सुकवून जाळतात. त्याच्या धुरातली फिनॉल नावाची संयुगं ओलसर दाण्याच्या सालीला चिकटतात, आणि शेवटच्या ग्लासापर्यंत टिकून राहतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या आर्डबेग डिस्टिलरीसाठी हे प्रमाण दशलक्षात सुमारे ५५ भाग असं सांगतात. हा आकडा ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो मल्टमध्ये मोजलेला असतो, बाटलीत नाही. मधल्या प्रत्येक टप्प्यावर फिनॉल कमी होत जातं, म्हणून दोन बाटल्यांचा धूर नुसत्या आकड्यांवरून ताडता येत नाही.

आज बहुतेक डिस्टिलऱ्या मल्ट बाहेरच्या मोठ्या कारखान्यांतून तयार आणतात. फरशीवर बार्ली पसरून फावड्यानं उलटत राहायची जुनी पद्धत स्प्रिंगबँक, बोमोर, लफ्रॉइग अशा मोजक्या ठिकाणी उरली आहे. तुम्ही जिथे जाणार तिथे ती असेल तर ती खोली चुकवू नका. आणि छपरावर दिसणारा तो पॅगोडासारखा डौलदार आकार म्हणजे धान्य वाळवायच्या भट्टीचं धुराडं. चार्ल्स डॉइग या वास्तुविशारदानं १८८९ मध्ये डेल्यूएन डिस्टिलरीत तो पहिल्यांदा बसवला. आता अनेक ठिकाणी त्यातून धूर निघत नाही, पण डिस्टिलरीची ओळख म्हणून तो उभा असतो.

गिरणीपाशी फार वेळ जात नाही, आणि जाऊही नये. एवढंच पाहा की मल्टचं पीठ करत नाहीत, भरड करतात. साधारण वीस टक्के साल, सत्तर टक्के रवाळ भरड आणि दहा टक्के पीठ. पीठ जास्त झालं तर पुढच्या भांड्यात चिखल होतो. साल मात्र तिथे गाळणीचं काम करते.

ते पुढचं भांडं म्हणजे मॅश टन. इथे भरडीवर साधारण ६३-६४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात. उकळतं का नाही? उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतात, आणि स्टार्चची साखर करणारे तेच आहेत. पहिलं पाणी निथळलं की दुसरं, जरा जास्त गरम. मग तिसरं, त्याहून गरम, उरलीसुरली साखर धुऊन काढायला. हे तिसरं पाणी पातळ असतं, म्हणून ते पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून वापरतात. हाती येतो तो गोड, गढूळ, सोनेरी रस. खोलीत उबदार, ओल्या धान्याचा वास भरून असतो. तळाशी राहिलेला चोथा गुरांच्या खाद्याला जातो.

याच सुमाराला गाइड झऱ्याची गोष्ट सांगेल. डोंगर, खडक, शेकडो वर्षं झिरपणारं पाणी. पाणी डिस्टिलरीचा जीव आहे हे खरं, पण माझ्या मते त्याचं श्रेय चवीच्या खात्यात जरा जास्तच टाकलं जातं. डिस्टिलरीला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते वाफ थंड करायला. उन्हाळ्यात झरे आटले, पाणी कोमट झालं की काम मंदावतं, आणि अनेक ठिकाणी त्याच दिवसांत काही आठवडे यंत्रं थांबवून दुरुस्ती करतात. टूर ठरवताना "त्या दिवशी स्टिल चालू असतील ना?" हे आवर्जून विचारा. बंद डिस्टिलरीत भांडी दिसतात, वास मिळत नाहीत.

आता आंबवणीची खोली. मला विचाराल तर सगळ्यात कमी वेळ इथे देतात आणि सगळ्यात जास्त इथे घडतं. दोन मजले उंच लाकडी किंवा स्टीलच्या टाक्या असतात, त्यांना वॉशबॅक म्हणतात. तुम्ही जाळीच्या फरशीवर उभे असता, टाकी पायाखाली खोल गेलेली असते आणि तिचं झाकण कमरेइतक्या उंचीवर येतं. गाइड झाकणाचा एक भाग उचलते आणि म्हणते, "वाका, पण हळू." खाली तपकिरी फेस उकळल्यासारखा वर येत असतो, जरी त्याखाली विस्तव नसतो. टाकीच्या आत एक पातं फिरत असतं, ते फेस कापून खाली दाबतं, तो पुन्हा चढतो. नाक जवळ नेलं की आधी सणकन झिणझिण्या येतात, डोळ्यांत पाणी येतं. तो कार्बन डायऑक्साइड. म्हणूनच हळू वाकायचं, आणि तोंड आत घालायचं नाही. त्या वायूनं गुदमरायला होतं. एक पाऊल मागे सरकून, हातानं वारा घेत पुन्हा हुंगलं की त्यामागून केळं येतं, मग सफरचंद, मग पावाचा आंबटसर वास.

हे केळं आणि सफरचंद कुठून आले? यीस्ट साखरेचा अल्कोहोल करता करता एस्टर नावाची संयुगंही बनवतं, आणि पिकलेल्या फळांना वास देणारीही एस्टरच असतात. टाकीत कुणी फळ घातलेलं नसतं. साधारण अठ्ठेचाळीस तासांत यीस्टचं काम आटोपतं आणि सात ते नऊ टक्क्यांचा, बिनहॉप्सच्या, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं न घातलेल्या, बिअरसारखा द्रव तयार होतो. काही डिस्टिलऱ्या तिथेच थांबतात. काही तो आणखी एक-दोन दिवस तसाच ठेवतात. यीस्ट थकल्यावर लॅक्टिक बॅक्टेरिया जोर धरतात, आंबटपणा वाढतो, आणि त्यातून फळांचे आणखी वास पुढे येतात. म्हणून टूरमध्ये एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर मी हा विचारतो: "तुमच्याकडे किती तास आंबवतात?" पन्नास आणि शंभर या दोन उत्तरांत दोन वेगळ्या व्हिस्की असतात.

स्टिलहाउसमध्ये शिरताच गरम होतं. इथे मोबाइल आणि कॅमेरा बंद करायला सांगतात. हवेत अल्कोहोलची वाफ असू शकते आणि ठिणगीचा धोका घ्यायचा नसतो. हे मनापासून पाळा. समोर तांब्याच्या प्रचंड स्टिल उभ्या असतात. खाली गोल पोट, वर निमुळता होत गेलेला गळा. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतो, पाणी १०० ला. ऊर्ध्वपातन चालतं ते या फरकावर. आंबवलेला द्रव पहिल्या स्टिलमधून वीस-पंचवीस टक्क्यांचा होऊन बाहेर येतो, आणि दुसऱ्या स्टिलमधून सत्तरच्या आसपासचा.

तांबंच का? ते दिसतं सुंदर, पण ठेवलेलं आहे कामासाठी. आंबवताना गंधकाची काही संयुगं तयार होतात, त्यांना उकडलेल्या कोबीसारखा उग्र वास असतो. वाफ तांब्याला घासून गेली की तांबं ती संयुगं पकडून ठेवतं. गळा जितका उंच, तितकी जड वाफ वर पोचायच्या आत थंड होऊन परत पोटात पडते आणि तांब्याशी पुन्हा गाठ पडते. ग्लेनमोरँजीच्या स्टिलचे गळे पाच मीटरहून उंच आहेत, तिथली व्हिस्की हलकी, फुलांकडे झुकणारी. मॅकॅलनच्या स्टिल बुटक्या, तिथला अर्क जड, तेलकट. भांड्याचा आकार चवीत उतरतो तो असा.

आता ज्या निर्णयावर सगळं अवलंबून असतं तो. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की कडक, अस्सल असा अर्थ निघतो. व्हिस्कीच्या डिस्टिलरीत मात्र पहिली धार बाजूला काढतात. दुसऱ्या स्टिलमधून सुरुवातीला येतं ते लवकर उडणारं, नाकाला झोंबणारं, रंगाच्या डब्यासारख्या वासाचं. शेवटी येतं ते जड, ओल्या पुठ्ठ्यासारखं. मधला भाग तेवढा ठेवतात. त्याला हार्ट, म्हणजे काळीज, म्हणतात. आधीचं आणि नंतरचं फेकत नाहीत, पुढच्या खेपेत मिसळून पुन्हा उकळतात. मधला भाग कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा, यावर डिस्टिलरीचा स्वभाव ठरतो. धुराची संयुगं जड असतात, उशिरा येतात, म्हणून धुरकट व्हिस्की करणारे सहसा धार जरा उशिरा तोडतात.

हा सगळा प्रवाह एका पितळी चौकटीच्या काचेच्या पेटीतून वाहतो. तिला स्पिरिट सेफ म्हणतात आणि तिला कुलूप असतं. १८२३ च्या कायद्यानंतर स्कॉटलंडमध्ये परवाना घेऊन डिस्टिलरी चालवणं परवडू लागलं, आणि त्याबरोबर सरकारचा पहाराही आला. कर भरण्याआधी कुणी थेंबही काढू नये म्हणून ही पेटी, आणि एकेकाळी तिची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असायची. आत चाखायची सोय नाही, हुंगायची नाही. बाहेरच्या मुठीनं आतली तोटी फिरवायची, तापमान आणि घनता वाचायची, थोडं पाणी मिसळून द्रव गढूळ होतो की स्वच्छ राहतो ते बघायचं. बघायला मिळालं तर तिथे मिनिटभर थांबा. काचेआड पडणारी ती धार अगदी पाण्यासारखी असते, रंगाचा मागमूस नसतो.

रंग पुढे येतो, गोदामात. जुन्या पद्धतीच्या गोदामाला मातीची जमीन, दगडी भिंती आणि एकावर एक जेमतेम तीन थर पिंपं. दार उघडताच थंड, ओलसर हवा अंगावर येते आणि तिच्यात ओली माती, जुनं लाकूड, काहीतरी गोड असं एकत्र मिसळलेलं असतं. बाहेरच्या भिंती आणि झाडांचे बुंधे काजळी फासल्यासारखे काळे दिसतात. ती काजळी नव्हे, बॉडोइनिया नावाची बुरशी आहे. गोदामातून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती वाढते.

पिंपं बहुधा आधी दुसऱ्या कुणाची तरी असतात. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन ही तिथली व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्याच भांड्यात ठेवावी लागते. मग एकदा वापरलेल्या पिंपांचं काय करायचं? ती जगभरच्या डिस्टिलऱ्या विकत घेतात. साधारण दोनशे लिटरचं हे पिंप व्हॅनिला, नारळ, मध अशा वासांकडे नेतं. शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं मोठी, पाचशे लिटरपर्यंतची, आणि ती मनुका, सुका मेवा, मसाले यांच्याकडे. उष्णतेत द्रव फुगून लाकडात शिरतो, थंडीत परत बाहेर येतो, येताना लाकडातलं काही घेऊन येतो. दरवर्षी असं चालू राहतं.

आणि दरवर्षी थोडं उडूनही जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला सुमारे दोन टक्के धरतात. म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपातून बारा वर्षांत त्रेचाळीस लिटरच्या आसपास गेलेलं असतं. बेंगळुरूच्या अमृतसारख्या उष्ण भागातल्या डिस्टिलरीत हा वाटा वर्षाला दहा टक्क्यांच्या घरात जातो. या हिशोबानं पाच वर्षांतच ऐंशी लिटरहून जास्त उडतं, पण लाकडाशी देवाणघेवाणही तितक्याच वेगानं होते. त्यामुळे लेबलवरचं वय दोन देशांत सारखं मोजू नये. ते वय बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं, आणि बाटलीत भरल्यावर वाढत नाही. रंगावरूनही वय ओळखायला जाऊ नका. नियमांनुसार स्कॉचमध्ये साधा कॅरामल रंग घालायला परवानगी आहे.

आता ते टेबल. त्या दिवशी अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका; तुमचं आणि शेजाऱ्याचं दोघांचं नाक बिघडतं. पोट भरलेलं असू द्या. ग्लास बहुधा ट्युलिपच्या आकाराचा असतो, खाली फुगीर, वर निमुळता, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. वाइनसारखा जोरात घुसळून नाक आत खुपसलं तर अल्कोहोलच्या झोतानं नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा, आणि हळूहळू वर आणा. ओठ उघडे ठेवल्यानं झोंबणं बरंच कमी होतं.

मग मनातल्या मनात मागे फिरा. बिस्किट, धान्य? पहिली खोली. केळं, सफरचंद, नाशपती? वॉशबॅक. राख, टिंक्चर, दवाखाना? पीट. व्हॅनिला, नारळ, मनुका? गोदाम. काहीसं जड, मांसल, तेलकट वाटलं तर तांब्याशी कमी भेट झालेली असणार. असे धागे जुळायला लागले की मग गाइडच्या तोंडचे 'समुद्राकाठची संध्याकाळ' वगैरे शब्द मनावर घ्यायची गरज राहत नाही. तुम्हाला आलेला वास तुमचा आहे, तो बरोबरच आहे.

आधी बिनधुराच्या, मग धुरकट. आधी कमी टक्क्यांच्या, मग थेट पिंपातल्या ताकदीच्या. उलट केलं तर नंतरच्या हलक्या व्हिस्कीचा वास लागतच नाही. छोटा घोट घेऊन तो जिभेवर फिरवा, गिळल्यावर नाकानं श्वास सोडा. अर्धी चव तिथे कळते. मग पाण्याचे दोन-चार थेंब घाला आणि पुन्हा हुंगा. पाणी घालणं म्हणजे व्हिस्की बिघडवणं, असं ठासून सांगणारे भेटतात. ते चुकतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी संगणकीय गणितानं दाखवलं की पाणी वाढवलं की ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे जास्त जमा होतो. ब्लेंड करणारे व्यावसायिक तर नमुने वीस टक्क्यांपर्यंत पातळ करूनच हुंगतात. पाण्यानं व्हिस्की जराशी धूसर झाली तरी घाबरू नका. थंड करून गाळलेली नसली की तिच्यातली तेलं अशी दिसतात.

एक हिशोब मात्र आधीच करून ठेवा. पंधरा-पंधरा मिलिलिटरचे पाच नमुने, सरासरी पन्नास टक्क्यांचे, म्हणजे ३७ मिलिलिटरहून अधिक शुद्ध अल्कोहोल. तासाभरात एवढं पोटात गेल्यावर गाडी चालवायची नाही. स्कॉटलंडनं डिसेंबर २०१४ पासून चालकांसाठीची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली आहे. बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाला त्याचे नमुने छोट्या बाटल्यांत भरून देतात. नाही दिले तर मागा. थुंकायला भांडं मागण्यातही काही गैर नाही. आणि तुमच्यासोबत न पिणारं कुणी असेल तर त्यांना बाहेर बसवून ठेवू नका. नाकानं बघण्यासारखं जे आहे ते त्यांनाही पूर्ण मिळतं.

शेवटचा घोट झाल्यावर ग्लास लगेच परत देऊ नका. पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, तळाचा थेंब सुकू द्या, आणि पुन्हा नाकाशी धरा. अल्कोहोल उडून गेलेला असतो, झोंबणारं काही उरलेलं नसतं. असते थोडी राख, कोरडं लाकूड, किंचित मध, आणि अगदी मागे, गोदामाचं दार उघडल्यावर आला होता तो ओल्या मातीचा गारवा.